टाकीच्या विरजणासाठी टिटवाळ्यापलीकडे

आमच्या सोसायटीतली माणसं सुट्टीत कुठे कुठे जाऊन येतात. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब थायलंडला गेलं आणि पुढे महिनाभर लिफ्टमध्ये सापडेल त्याला हत्तीचे फोटो दाखवत होतं. मीही यंदा प्रवास केला. डोंबिवलीतल्या मानपाड्याहून ठाणे, परत मानपाडा, मग टिटवाळ्याच्या पलीकडे एका गोठ्यापर्यंत. सगळे मिळून तीन दिवस. आणायचं काय होतं? शेणाचा काला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे त्या काल्याचा वासही येणार आहे.

मी सुजाता. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं जंतू वाढवले आणि मारले. थुंकी, लघवी, जखमेचा पू, जे येईल ते काचेच्या बशीत पेरायचं, काय उगवतं ते ओळखायचं, रिपोर्ट लिहायचा आणि बशी उकडून टाकून द्यायची. रिटायर झाल्यावर मला चैन पडेना. तेव्हा सोसायटीच्या मागे पडलो आम्ही, म्हणजे मीच पडले, की ओल्या कचऱ्यावर गॅस करणारी टाकी बसवा. तीन वर्षांपूर्वी बसली. जनरेटरच्या शेजारी, हजार लिटरची, काळी. तिच्यात दुसरी टाकी उलटी तरंगते. खाली कचरा कुजला की गॅस होतो आणि वरची टाकी फुगल्यासारखी वर येते. नळीने तो गॅस वॉचमनच्या खोलीतल्या शेगडीला जातो.

ही टाकी सांभाळायच्या हेमाकाकू. तळमजल्यावर राहतात, वय बहात्तर, मूळच्या संगमेश्वरकडच्या. काका गेले तेव्हा या बाई सहा महिने दाराबाहेर आल्या नव्हत्या. मी एकदा त्यांना सहज म्हटलं, काकू, टाकीला रोज सकाळी कुणीतरी खायला घालायला हवं हो. दुसऱ्या दिवशी सहा वाजता पदर खोचून हजर! तेव्हापासून रोज दोन बादल्या. मग त्याच गॅसवर वॉचमन, माळी, झाडलोट करणाऱ्या बायका अशा आठजणांचा चहा. आलं घालून, उकळून. चहा पिताना त्या बायका आपल्या घरची गाऱ्हाणी सांगणार आणि काकू त्यावर सल्ले देणार, कुणी मागितले नसले तरी.

माघी गणपती झाले आणि टाकी बिघडली. आधी ज्योत पिवळी झाली, मग फडफडली, मग गॅसच येईना. झाकण उघडलं तर नाकात आंबूस झणका. मी लॅबमधून आणलेली आम्ल तपासायची पट्टी बुडवली, ती हिरवी व्हायच्या ऐवजी नारिंगी झाली. टाकी आंबली होती.

आता इथे दोन मिनिटं शास्त्र सांगते, नाहीतर आमचा प्रवास तुम्हाला वेड्यांचा वाटेल. टाकीत मुख्य कामकरी दोन जातींचे. पहिले बॅक्टेरिया, आपले जिवाणू. एका पेशीचा जीव, पेशीत केंद्रक नाही, सगळा कारभार उघड्यावर. हे भारी चपळ. खायला मिळालं की वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन. भात, भाजीची देठं, केळ्याची सालं यांचा ते फडशा पाडतात आणि त्याचं आम्ल करतात. दुसरे आर्किया. दिसायला हुबेहूब बॅक्टेरियासारखे, तेवढेच बारीक, केंद्रक यांनाही नाही. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या पुस्तकात ते बॅक्टेरियांच्याच प्रकरणात कोंबलेले होते. पुढे कळलं की यांच्या अंगावरचं आवरण वेगळं, आतली यंत्रणा वेगळी, घराणंच वेगळं. बॅक्टेरियांनी केलेल्या आम्लाचा पुढे मिथेन करतात ते हेच. मिथेन म्हणजे आपला पेटणारा गॅस. पण यांचं सगळं सावकाश. एकाचे दोन व्हायला दिवसच्या दिवस लागतात, हवेतला ऑक्सिजन यांना विष आणि आम्ल फार साचलं तर हेच आधी मरतात.

म्हणजे कुणीतरी टाकीत ढीगभर गोडधोड ओतलं होतं. बॅक्टेरियांनी त्यावर ताव मारला, आम्लाचा पूर आणला आणि बिचारे आर्किया त्यात गेले.

कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, टाकी काढून टाकू. दोन गाड्यांचं पार्किंग होतंय तिथे.” माना डोलल्या. कोपऱ्यात बसलेल्या हेमाकाकू हातातल्या रुमालाची घडी करत होत्या आणि मोडत होत्या. माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव असा की राग आला की तोंड आधी चालतं. मी उभी राहिले. “मला चौदा एप्रिलपर्यंत वेळ द्या. त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीची खीर दरवर्षी माझ्याकडून असते, यंदा ती या टाकीच्या गॅसवर करून दाखवते. आणि हे ज्याने केलंय ना, त्याला मी शोधणार आणि इथे, सगळ्यांसमोर नाव घेणार!”

टाळ्या पडल्या. काकूंनी मात्र रुमाल मुठीत चुरगाळला. मला वाटलं, दुःखाने.

ठाणे, खाडीकाठ

आंबलेली टाकी सुधारायची तर दह्यासारखंच विरजण लागतं. चालू टाकीतला जिवंत काला, म्हणजे आतला कुजलेला पातळ रबडा, आणून घालायचा. मला पहिला आठवला वसंता. माझ्याच लॅबमधला, माझ्यानंतर दोन वर्षांनी रिटायर झालेला, ठाणे पूर्वेला खाडीजवळ राहतो. त्याच्याही सोसायटीत टाकी होती. मार्चचा पहिला आठवडा, सकाळीच मी आणि काकू बस धरून निघालो. खरं तर मी एकटीच जाणार होते. काकू स्वतःहून म्हणाल्या, मी येते. प्रत्येकी एक रिकामा वीस लिटरचा कॅन, आणि काकूंच्या पिशवीत पोहे, चिवडा, लाडू. एवढं कशाला म्हटलं तर म्हणाल्या, “बाहेरचं बाधतं.” चौतीस वर्षं जंतूंबरोबर काढलेल्या बाईला ही बाई जंतूंची भीती दाखवत होती.

“जयभीम सुजाताताई!” वसंता गेटवरच उभा. “कॅन कशाला आणलेत?”

“तुझ्या टाकीतला काला न्यायला. फोनवर म्हटलं नव्हतं का, टाकीचं काम आहे?”

“अगं, मला वाटलं पाण्याच्या टाकीचं. गॅसची टाकी तर मागच्या वर्षीच काढली. तिथे आता कॅरम खेळतात. मीच जिंकलेलो पहिली स्पर्धा.”

मी डोक्याला हात लावला. काकूंनी शांतपणे पोह्यांचा डबा उघडला. पोह्यांत शेंगदाणे जास्त आणि मिरची कमी. आमच्या घरी नेमकं उलट असतं, पण चालत्या बसमध्ये धरून आणलेले पोहे म्हणून गोड मानून खाल्ले. वसंता ओशाळला होता. म्हणाला, “आलाच आहात तर एक गंमत दाखवतो. लॅबमध्ये असताना आपण कधी बघितलं नाही, आणि होतं हाकेच्या अंतरावर.”

खारफुटीच्या मागून, बांधावरून चालत त्याने आम्हाला मिठागरापाशी नेलं. ऊन चढलं होतं. पाण्याचे चौकोनी वाफे, शेवटच्या वाफ्यांत पाणी आटत आलेलं, कडेला मिठाची पांढरी साय, आणि पाण्याचा रंग गुलाबी! अगदी सरबतासारखा. काकू चप्पल काढून बांधावर उकिडव्या बसल्या.

“कुणी रंग टाकलाय का गं?”

“कुणी नाही काकू. हे जिवंत आहे. यात बरेचसे आर्कियाच. आपल्या टाकीतल्यांचे चुलतभाऊ म्हणा.”

“एवढ्या मिठात? आपलं लोणचं तर मिठामुळेच टिकतं. त्यात कायसुद्धा जगत नाही म्हणून.”

“हे जगतात. उलट गोड्या पाण्यात टाकलंत तर फुटून मरतात.”

मला लॅबमध्ये हे कधी भेटले नव्हते आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. आमच्याकडे यायचे ते आजाऱ्यांचे नमुने. आणि माणसाला आजारी पाडणारा आर्किया अजून तरी कुणाला सापडलेला नाही. आपल्या पोटात ते राहतात, गाईच्या पोटात राहतात, इथे मिठात, तिकडे वज्रेश्वरीच्या गरम कुंडांसारख्या जागी. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. चौतीस वर्षांत हजारो रिपोर्ट लिहिले, त्यात यांचं नाव एकदाही आलं नाही. मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं.

वाफ्यात फावडं ओढणारा एक म्हातारा आमच्याकडे बघत होता. वसंताने त्याला विचारलं, पाणी लाल का होतं? तो म्हणाला, “मीठ पिकाला आला का पानी लाल व्हतंय. लाल झाल्याबिगर आमी हात नाय लावत.” झालं. त्याला आर्किया माहीत नव्हते आणि त्यांच्यावाचून त्याचं पानही हलत नव्हतं.

कॅन रिकामेच घेऊन परतलो. पण जाताना वसंताने टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका घराचा नंबर दिला. त्याच्या भाचीची मैत्रीण तिथे दिलेली. तीस म्हशी, आणि सासऱ्यांच्या वेळचा गोबरगॅस अजून चालू.

टिटवाळ्याच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवाळ्यात उतरलो. काकू म्हणाल्या, गणपतीला तोंड दाखवून येते. मी बाहेर बाकावर बसून उसाचा रस प्यायले. एरवी देवळातून काकू टवटवीत होऊन येतात, त्या दिवशी डोळे पुसत आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “धूर होता गं उदबत्तीचा.” मग सहा सीटच्या रिक्षात नऊजण बसून गावात पोचलो. नव्या उंच इमारती संपल्या, वीटभट्ट्या लागल्या, मग काळू नदीच्या बाजूला शेतं.

रंजनाताई, म्हणजे ती मैत्रीण, घरची मालकीण, गोठ्याच्या दारातच भेटली. चाळिशीची, दणकट, आवाज असा की म्हशीही वळून बघाव्यात.

“ये गो बाय, उनाची आलीस. इकरं सावलीन बस. पयले जेवा, शेन कया पलून नाय जात!”

जेवण सांगते. तांदळाची भाकरी, पातळ आणि पांढरीशुभ्र, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. काकू बोंबलाच्या वासाने आधी जरा आखडल्या, कारण त्या दिवशी त्यांचा वार होता. मग रंजनाताईने त्यांना बिरडं दोनदा वाढलं. हे सगळं गोबरगॅसच्या निळ्या ज्योतीवर शिजलेलं. आमच्या डोंबिवलीत पाहुण्याला चहा घेणार का असं विचारतात, इथे विचारतच नाहीत. ताट समोर येतं आणि पोटात जागा नाही म्हटलं तर तो अपमान धरतात.

जेवल्यावर टाकी बघितली. जमिनीत विटांची गोल विहीर, वर लोखंडी घुमट. गंजलेला, पण गॅसने टच्च. मी पट्टी बुडवली. हिरवी! मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली आणि एक रेडकू बिथरलं.

“ताई, एवढी वर्षं ही बिघडली कशी नाही?”

“मना काय म्हाईत तुजं जंतू न् बिंतू,” रंजनाताई म्हणाली. “सासऱ्यानी शिकवलाय तसा करतंय. रोज चार पाट्या शेन, तेवराच पानी. जास्त नाय घालाचा. जास्त घातला का तो रुसतंय. आन सनाच्या दिशी तर निम्माच.”

“सणाला निम्मं का?”

“सनाला घरचा उरलेला गोडधोड बी जातंय ना त्यान. मंग शेन कमी करायचा. नायतर त्याचा पोट बिघरतंय.”

मी थक्क झाले. जे मला सांगायला बॅक्टेरिया, आर्किया, आम्ल एवढी लांबण लावावी लागते ते या बाईने एका वाक्यात मिटवलं. मी कौतुकाने काकूंकडे बघितलं. काकू उठून म्हशींकडे निघून गेल्या होत्या.

ती रात्र आम्ही तिथेच राहिलो, आणि सकाळी कॅन भरले. काला हवेत फार घुसळायचा नाही, कॅन काठोकाठ भरायचा, झाकण गच्च लावायचं, म्हणजे ऑक्सिजन शिरत नाही. या सूचना मी हातवारे करून दिल्या. रंजनाताई म्हणाली, “बाय, झाकन येवरा घट नको लावू.” मी म्हटलं, “ताई, चौतीस वर्षं हेच केलंय मी.” वर प्लास्टिकची चिकटपट्टीही गुंडाळली. काकूंनी रंजनाताईला लाडू दिले, तिने यांना वाल दिले, दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

परतीची वाट

परतताना कॅन होते म्हणून अख्खी रिक्षा केली. शहाडच्या अलीकडे वाहनं तुंबली होती. ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाला गाणं गुणगुणत होता. आणि काकूंच्या पायापाशी ‘फाट्!’

झाकण उडून रिक्षाच्या टपाला लागलं आणि खाली माझ्या मांडीवर पडलं. मागोमाग काला. काळाकुट्ट, कोमट, फसफसणारा. काकूंच्या साडीवर, सीटवर, रिक्षावाल्याच्या मानेवर. अंड्याचा सडका वास! शेजारच्या बाइकवाल्याने हेल्मेटची काच खाली केली.

“ओ मावशी, ये क्या भरके लाए हो!” रिक्षावाला उडी मारून बाहेर. “उतरा, उतरा खाली!”

अहो, गॅस करणारे जिवंत जीव कॅनमध्ये भरले, उन्हात ठेवले आणि झाकण गच्च लावलं, तर गॅस जाणार कुठे? रंजनाताईने सांगितलं होतं. चौतीस वर्षांचा माझा अनुभव माझ्याच मांडीवर पडला होता. दुसऱ्या कॅनचं झाकण मी घाईघाईने सैल केलं, तो सापासारखा फुसकारला. एक कॅन वाचला, दुसऱ्यात तळाशी चार बोटं उरली. रिक्षावाल्याला पाणी आणून दिलं, रिक्षा धुतली, हात जोडले. तरी त्याने पुढे न्यायला साफ नकार दिला आणि मला त्याचा राग येईना.

उल्हास नदीच्या बाजूला एका झाडाखाली बसलो. काकूंच्या हातभर काला. त्यांनी हात लांब धरून विचारलं, “यात व्हायरस तर नाही ना गं?”

“आहेत की. बॅक्टेरियांपेक्षासुद्धा जास्त.”

काकूंनी हात अजून लांब धरला.

“घाबरू नका हो. व्हायरस म्हणजे काय, एक चिठ्ठी. वर पाकीट. स्वतः खात नाही, पीत नाही, वाढत नाही. धड जिवंतही म्हणता येत नाही. पण बरोबर स्वयंपाकघर सापडलं की आत शिरतो आणि तिथल्या आचाऱ्याला आपल्याच चिठ्ठ्या लिहायला लावतो. मात्र प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. यातले बहुतेक बॅक्टेरियांत शिरणारे, काही आर्कियांत. त्यांना आपलं स्वयंपाकघर उघडतच नाही. पण शेण आहे, त्यात पोट बिघडवणारे बॅक्टेरिया असू शकतात, तेव्हा हात साबणाने धुवायचे.”

मी टपरीवरून साबण आणला. काकू हात धुत राहिल्या, धुऊन झाले तरी धुतच राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सुजाता, तू चौदा तारखेला ज्याचं नाव घेणार आहेस ना...”

“घेणारच! सोडते की काय. माझा संशय गणपतीच्या जेवणाच्या केटररवर आहे.”

“माझं घे.”

मला कळेना.

“माघी गणपतीचा महाप्रसाद झाला, दोन पातेली शिरा उरला. मंडळाची मुलं कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघालेली. प्रसाद गं तो! कचऱ्यात कसा टाकू देऊ? म्हटलं टाकीत घालते, आठ माणसांचा चहा होईल त्याच्यावर, सत्कारणी लागेल. दोन्ही पातेली मीच ओतली.” त्या परत हाताला साबण चोळू लागल्या. “काल ती रंजना म्हणाली ना, सणाला निम्मं. मी सणाला पोटभर घातलं. माझ्या हातून मेली ती टाकी. मी आता तिला हात लावणार नाही.”

मी भडकलेच. तीन आठवडे मी केटररकडे वाकड्या नजरेने बघत होते, तिसऱ्या मजल्यावरच्या, मिठाईचं दुकान असलेल्या पेढेवाल्यांशी बोलणं टाकलं होतं. “अहो काकू, दोन पातेली! साजूक तूप, साखर! एवढं घालायच्या आधी मला एक हाक मारायची! कुणी सांगितलं तुम्हाला एवढं घालायला?”

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“तूच ना. पाटीवर लिहिलंयस. ‘ओला कचरा कितीही टाका.’ मी रोज वाचते.”

ती पाटी डोळ्यांसमोर आली. टाकी नवी होती तेव्हा कुणी कचरा देईना, म्हणून मीच लाल रंगाने पाटी रंगवली होती. ‘कितीही’च्या खाली दोन रेघा आणि पुढे उद्गारचिन्ह. एका थेंबात किती जंतू हे मोजून लिहिणारी मी, आणि पाटीवर कितीही! रंजनाच्या सासऱ्यांनी सुनेला सणाचं मापसुद्धा शिकवलं होतं. मी काकूंना टाकी दिली आणि माप दिलंच नाही.

मला रडू आलं, आणि मी रडले. अंगाला शेणाचा वास, हातात उडालेलं झाकण, आणि दोन म्हाताऱ्या झाडाखाली रडतायत. येणारे-जाणारे लांबून जात होते. शेवटी पेंडीची पोती वाहणारा एक टेम्पो थांबला. त्याला वासाचं काही वाटलं नाही. त्याने आम्हाला थेट मानपाड्याला सोडलं.

मानपाडा

टाकीतला निम्मा आंबट काला मी उपसून झाडांच्या खड्ड्यात घातला, चुन्याची निवळी थोडी थोडी ओतली आणि वाचलेला कॅन आत रिता केला. रोज खाणं फक्त एक वाटी. रंजनाताईला फोन करून सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मागे म्हशी हंबरल्या. मग म्हणाली, “बोल्लू ना मी, झाकन सैल ठेव.” पुढे दर आठवड्याला डोंबिवलीला येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतून एक कॅन येऊ लागला, झाकणाला भोक पाडलेला.

काकूंनी शब्द पाळला. टाकीकडे फिरकल्या नाहीत. सहा वाजता खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या, मी वाटी घातली की पडदा ओढायच्या. चहा मी करू लागले, वॉचमनच्या खोलीत घरचा सिलेंडर नेऊन. माळी एक घोट घेऊन म्हणाला, “मॅडम, काकूंना बरं नाही का?” माझा चहा इतका वाईट नसतो. पण तो आठही जणांनी अर्धा ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात वरची टाकी बोटभर उचलली. मी काडी ओढून शेगडीला लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. खिडकीतून काकूंनी बघितलं आणि पडदा ओढला. मी धावत दारात गेले. “काकू, पहिला गॅस असाच असतो! बॅक्टेरियांचा असतो, तो पेटत नाही. आर्किया मागून येतात. त्यांना वेळ लागतो.”

“मला समजावू नकोस गं,” त्या आतून म्हणाल्या. दार उघडलं नाही.

एप्रिलच्या आठ तारखेला पट्टी हिरवी झाली. दहाला काडी लावली आणि भप्पकन निळी ज्योत! वॉचमनने शिट्टी वाजवली. मी खिडकीकडे बघितलं. पडदा उघडा होता, काकू नव्हत्या.

चौदा तारखेला सकाळी मी त्या ज्योतीवर खीर केली. ज्योत अजून बारीक, म्हणून तीन तास लागले, पण दूध काय मस्त आटलं! संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, खीर वाटली आणि मग मीटिंग. सेक्रेटरींनी दोन वाट्या संपवून मान्य केलं की टाकी चालते. मग मिश्कील हसत म्हणाले, “पण मॅडम, तुम्ही एक नाव घेणार होता.”

“घेते की. सुजाता.”

मी पिशवीतून पाटी काढून टेबलावर ठेवली. ‘ओला कचरा कितीही टाका!’ आणि सांगितलं, की दोष या शब्दाचा, आणि शब्द माझा. पेढेवाल्यांची माफी मागितली. सगळे हसायला लागले. तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढला, “बसा हो.” त्या बसल्या नाहीत.

“शिरा मी ओतला,” त्या म्हणाल्या. “दोन पातेली.”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग मागून झाडलोटवाल्या बाईंचा आवाज आला, “जाऊ द्या ना काकू. तुम्ही चहाला कधी येताय ते सांगा. या मॅडमचा चहा पिऊन जीव गेला आमचा.”

पार्किंगचं नाव परत कुणी काढलं नाही. खुर्च्या आवरताना मी पातेलं बघितलं. चांगली पातेलंभर खीर उरली होती. मंडळातल्या एका पोराने ते उचलून मला विचारलं, “काकी, ही टाकीत ओतू?”

“एक वाटी!”

हॉलच्या दुसऱ्या टोकाहून काकू पदर खोचत येत होत्या. “एकच वाटी. बाकीची वॉचमनकडे पोचव, आणि उद्या सकाळी भाजीचा कचरा निम्माच घ्यायचा.” मी वाटी भरून घेतली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

“तू राहू दे सुजाता, तुझं माप चुकतं. मी घालते.”